छातीवरचा भार : निद्रा-पक्षाघाताच्या आकलनाचा इतिहास

झोपेतून जाग येते, डोळे उघडतात, खोली ओळखू येते, शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो, आणि तरीही हातपाय हलत नाहीत, मान वळत नाही, हाक मारावी म्हटले तर आवाज फुटत नाही, अशा अवस्थेला वैद्यकात निद्रा-पक्षाघात म्हणतात. बोलण्यात मात्र स्लीप पॅरालिसिस हाच शब्द रुळला आहे. ही अवस्था काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकते आणि आपोआप ओसरते. तेवढ्या वेळात अनेकांना खोलीत कोणीतरी वावरत असल्याची खात्री पटते, छातीवर भार जाणवतो, गळा आवळला जात आहे असे वाटते, आणि काहींना तो भार घालणारे माणूस वा जनावर डोळ्यांसमोर दिसते. अनेक देशांतील पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात छत्तीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. त्यानुसार सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे 7.6 टक्के, तर विद्यार्थ्यांमध्ये सुमारे 28 टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी हा अनुभव घेतलेला असतो. म्हणजे ही दुर्मीळ व्याधी नव्हे, आणि इतिहासातही ती दुर्मीळ असल्याचे मानण्यास आधार नाही.

या अनुभवाचा इतिहास पाहताना ठळकपणे जाणवते ते असे की, भोगणाऱ्याने केलेले वर्णन दोन हजार वर्षांत फारसे बदललेले नाही. बदलत गेले ते छातीवर बसणाऱ्याचे नाव. हे नाव ठरवण्याचा अधिकार कधी वैद्याकडे, कधी धर्मगुरूकडे, कधी न्यायाधीशाकडे, तर कधी मनोविश्लेषकाकडे गेला, आणि तो कोणाकडे आहे यावर एखाद्या स्त्रीचे प्राण अवलंबून राहिल्याचेही प्रसंग घडले. काहींनी सांगणाऱ्याचे म्हणणे अक्षरशः खरे धरले, काहींनी ते ऐकण्याआधीच फेटाळले; अनुभव खरा आणि त्याचे कारण मात्र झोपणाऱ्याच्याच शरीरात, या दोन्ही गोष्टी एकत्र सर्वमान्य होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

प्राचीन ग्रीक वैद्य या विकाराला एफिआल्टीस, म्हणजे अंगावर झेप घेणारा, असे म्हणत, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील थेमिसन या वैद्याने त्याला गळा दाबणारा अशा अर्थाचे दुसरे नाव दिले होते. लोकसमजुतीत तो कोणी देव किंवा रानदेवता होता. वैद्यांनी मात्र ही समजूत फार लवकर नाकारली. दुसऱ्या शतकातील सोरेनस या ग्रीक वैद्याचे विचार पुढे केलियस ऑरेलियानस याने लॅटिनमध्ये उतरवले असून, त्यात छातीवर कोणीतरी चढून बसल्याचा भास, गुदमरणे आणि हालचालीची असमर्थता ही लक्षणे नोंदवून हा देवही नाही आणि उपदेवही नाही, हा एक आजार आहे, असे स्पष्ट मांडलेले आहे. पहिल्या शतकातील डायोस्कोरिडीस याच्या वनस्पतिग्रंथात पिओनी या फुलझाडाच्या पंधरा काळ्या बिया मधाच्या पाण्यातून वा मद्यातून घेण्याचा उपाय याच त्रासावर सांगितला आहे. दहाव्या शतकात बुखारा येथील अखवायनी या वैद्याने फारसी भाषेत लिहिलेल्या वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात काबूस या नावाने त्याची चर्चा केली. पोटातील वाफा मेंदूकडे चढल्याने हा विकार होतो आणि तो अपस्माराची पूर्वसूचना असू शकतो, असे त्याचे मत होते. वाफांचा हा सिद्धांत आज टिकत नाही, पण कारण शरीरात शोधायचे ही दिशा योग्य होती, आणि भयाच्या इतक्या तीव्र अनुभवासमोर ती दिशा न सोडणे हे त्या वैद्यांचे मोठेच धैर्य मानले पाहिजे.

युरोपात ही वैद्यकीय परंपरा ग्रंथांतून चालू राहिली, तरी तिच्या शेजारीच दुसरी, अधिक सामर्थ्यवान परंपरा वाढली. छातीवर बसणाऱ्याला लॅटिनमध्ये इन्क्युबस, म्हणजे वर पडून राहणारा, म्हणत. ख्रिस्ती धर्मविचारात हाच शब्द निजलेल्या स्त्रियांशी संग करणाऱ्या सैतानी जीवाला लावला जाऊ लागला. पोप आठवे इनोसन्ट यांच्या 1484 च्या आज्ञापत्रात अशा जीवांचा उल्लेख आहे, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत चेटकिणींच्या शोधाचे प्रसिद्ध मार्गदर्शक पुस्तक छापले गेले तेव्हा त्यातही या संबंधांना मध्यवर्ती स्थान मिळाले. उत्तर युरोपात मारा नावाची एक स्त्रीरूपी शक्ती माणसाला झोपेत तुडवते अशी समजूत होती, आणि तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या राजकथांमध्ये वानलांदी नावाचा राजा अशा माराने तुडवल्यामुळे मरण पावल्याची कथा येते. त्या कथेत मारा आपण होऊन येत नाही, तिला चेटूक करणारी एक स्त्री पाठवते. छातीवरचा भार कोणीतरी ओळखीच्या माणसाने पाठवला आहे, ही कल्पना एकदा रुजली की अनोळखी भुताची जागा शेजारीण घेऊ शकते.

ही शक्यता न्यायालयात कशी प्रत्यक्षात उतरली, हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील सेलम येथे 1692 साली चाललेल्या चेटूक-खटल्यांच्या कागदपत्रांत जितके तपशीलवार दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसते, कारण तेथील साक्षी लेखी स्वरूपात जपल्या गेल्या आहेत. गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात विशेष न्यायालय नेमले, विल्यम स्टॉटन हे त्याचे मुख्य न्यायाधीश झाले, आणि 2 जून रोजी ब्रिजेट बिशप या स्त्रीवरचा खटला सर्वांत आधी उभा राहिला. काही मुलींना आपल्या छायारूपाने छळल्याचा आरोप तिच्यावर होता. त्या आरोपाला बळकटी देण्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जुन्या तक्रारी पुढे आणल्या गेल्या, आणि त्यांतील काही तक्रारी वाचताना आजच्या निद्रातज्ज्ञाला क्षणभरही थांबावे लागणार नाही.

जॉन लाउडर याने सांगितले की, सात-आठ वर्षांपूर्वी तो सेलममध्ये एका घरी कामाला असताना ब्रिजेटच्या कोंबड्या बागेत शिरतात यावरून त्याचे तिच्याशी भांडण झाले होते. त्यानंतर काही काळाने तो नीट झोपी गेला असता ऐन मध्यरात्री छातीवर मोठा भार जाणवून त्याला जाग आली, आणि स्वच्छ चांदण्यात त्याला ब्रिजेट, किंवा तिचे रूप, आपल्या पोटावर बसलेले दिसले. सुटण्यासाठी त्याने हात हलवण्याचा प्रयत्न करताच तिने त्याचा गळा धरला, त्याच्या हातांत प्रतिकाराचे बळ उरले नाही, आणि ही स्थिती जवळजवळ पहाटेपर्यंत राहिली. पुढे मालकिणीच्या उपस्थितीत त्याने तिला याबद्दल विचारले तेव्हा तिने हे नाकारले होते. रिचर्ड कोमन या दुसऱ्या साक्षीदाराने सांगितले की, पत्नीशेजारी झोपलेला असताना, खोलीत दिवा जळत असताना, ब्रिजेट इतर दोन स्त्रियांसह आत आली आणि तिने त्याच्या छातीवर पडून त्याला असे दाबले की त्याला बोलता येईना, हलता येईना, पत्नीला उठवण्याची धडपड करूनही उठवता येईना. पुढच्या रात्री हेच पुन्हा घडले; तेव्हा सोबतीला आलेल्या एका नातलगाने त्याला अंगावर आडवी तलवार घेऊन झोपण्याचा सल्ला दिला. उशाखाली सुरी किंवा कात्री ठेवून झोपण्याची जी रीत महाराष्ट्रातील घरांतही आढळते, तिच्याशी या सल्ल्याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच उन्हाळ्यात सुझॅना मार्टिन या स्त्रीविरुद्ध बर्नार्ड पीच याने दिलेली साक्ष याहून बोलकी आहे. रविवारी रात्री अंथरुणात असताना त्याला खिडकीशी खरवडल्याचा आवाज ऐकू आला, सुझॅना खिडकीतून आत उतरलेली दिसली, तिने त्याचे पाय धरून अंगाची मोटळी केली आणि सुमारे दोन तास ती त्याच्यावर पडून राहिली. या काळात त्याला हलता वा बोलता आले नाही, आणि अंग थोडे सैल होऊ लागल्यावर त्याने तिच्या हाताची बोटे चावली. आधी आवाज, मग कोणाच्या तरी येण्याची जाणीव, मग दाब आणि निश्चलता, आणि शेवटी एखाद्या अवयवाची पहिली हालचाल होताच सुटका, हा क्रम आजही रुग्ण जवळजवळ याच शब्दांत सांगतात. या साक्षीदारांनी खोटे सांगितले असे मानण्याची गरज नाही. त्यांनी जे भोगले ते खरे होते. त्या रात्रीच्या आकृतीला चेहरा मात्र कोंबड्यांवरून झालेल्या भांडणासारख्या दिवसाच्या वैराने पुरवला होता.

न्यायालयाने या साक्षी मानल्या, कारण त्याने छायारूपाचा पुरावा, म्हणजे आरोपीचे शरीर दुसरीकडे असतानाही तिचे रूप दिसल्याची साक्ष, ग्राह्य धरली होती. असा पुरावा मान्य केला की आरोपीला बचावाचा मार्गच उरत नाही. आपण त्या रात्री स्वतःच्या घरात झोपलो होतो हे सिद्ध करूनही काही साधत नाही. ब्रिजेट बिशपला 10 जून 1692 रोजी फाशी देण्यात आली आणि सुझॅना मार्टिनला 19 जुलै रोजी. ब्रिजेटच्या मृत्यूनंतर पाचच दिवसांनी वसाहतीतील काही धर्मोपदेशकांनी छायारूपाच्या पुराव्याबाबत सावध राहण्याचे लेखी मत दिले, नथॅनिएल सॉल्टनस्टॉल हे न्यायाधीश विशेष न्यायालयातून बाहेर पडले, तरी सप्टेंबरपर्यंत एकोणीस जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या वृद्धाला दगडांच्या ओझ्याखाली चिरडून मारण्यात आले. ऑक्टोबरमध्ये धर्मोपदेशक इन्क्रीज मॅथर यांनी या पुराव्याच्या विरोधात ग्रंथच लिहिला, त्याच महिन्यात फिप्स यांनी ते न्यायालय बंद केले, आणि 1693 च्या जानेवारीत नवे न्यायालय बसले तेव्हा छायारूपाच्या पुराव्याला थारा न मिळाल्याने बहुतेक आरोपी सुटले. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सीवॉल यांनी 1697 मध्ये भर प्रार्थनासभेत आपला दोष मान्य केला. ब्रिजेट बिशप आणि सुझॅना मार्टिन यांची नावे दोषींच्या यादीतून कायद्याने वगळली जाण्यास मात्र 2001 साल उजाडले.

सेलमच्या अठ्ठावीस वर्षे आधी, 1664 मध्ये, नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील प्राध्यापक इस्ब्रांट फान डीमरब्रुक यांनी पन्नास वर्षांच्या एका धडधाकट स्त्रीचा वृत्तांत नोंदवला होता, हे आठवले की सेलममधील घटना अधिकच दुःखद वाटते. झोप लागताना कधी सैतान अंगावर पडला आहे, कधी मोठा कुत्रा किंवा चोर छातीवर बसला आहे, असे तिला वाटे. तिला बोलता येत नसे आणि प्रयत्न करूनही हातपाय हलवता येत नसत. सैतानाचे नाव रुग्णाच्या तोंडून येऊनही या वैद्याने त्याची चौकशी केली नाही; उताणे झोपणे आणि मेंदूतून मज्जातंतूंकडे जाणाऱ्या प्रवाहात अडथळा येणे, अशी कारणे सुचवून त्याने औषधोपचार आणि पथ्य सांगितले. स्नायू दुबळे नाहीत, त्यांना मिळणारी आज्ञाच अडली आहे, ही त्याची अटकळ आजच्या माहितीच्या आश्चर्यकारकपणे जवळ जाते. तोच अनुभव, तेच शतक, आणि दोन ठिकाणी दोन परिणाम: एका स्त्रीला पथ्य, दुसरीला फास.

अठराव्या शतकात जॉन बॉन्ड या वैद्यांनी 1753 मध्ये या विषयावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. ते स्वतः या त्रासाने पीडित होते, आणि उताणे झोपल्याने रक्त डोक्यात साचते असा त्यांचा सिद्धांत होता. उताणे झोपणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो हे त्यांचे निरीक्षण पुढील अभ्यासांत खरे ठरले आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमीत 1782 मध्ये हेन्री फ्युझेली यांचे या विषयावरचे चित्र मांडले गेले आणि त्याच्या छापील प्रती सर्वत्र पसरल्या; निजलेल्या स्त्रीच्या पोटावर बसलेला बुटका जीव आणि पडद्याआडून डोकावणारे घोड्याचे डोके ही त्यातील आकृती आजतागायत या विकाराची ओळख बनून राहिली आहे. एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी पोटातील आम्लता, जड जेवण, मानसिक ताण अशी कारणे सुचवली, पण वर्णनाला खरी धार आली ती अमेरिकी मज्जातज्ज्ञ सायलस वीर मिचेल यांच्या 1876 मधील लेखनाने. यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करून कापलेल्या अवयवाच्या जागी जाणवणाऱ्या वेदनांचा अभ्यास करणाऱ्या या वैद्याने भुताची वा चित्राची सगळी सजावट बाजूला सारली आणि एवढेच लिहिले की माणूस भोवतालाविषयी जागा असतो, पण त्याला एकही स्नायू हलवता येत नाही, बाहेरून तो निजलेलाच दिसतो, आणि एखादी हालचाल साधली की बंधन तुटते. या अवस्थेला त्यांनी रात्रीचा पक्षाघात म्हटले. चार वर्षांनी फ्रान्समध्ये झां-बातिस्त जेलिनो यांनी दिवसा अनावर झोपेचे झटके येणाऱ्या विकाराला नार्कोलेप्सी हे नाव दिले, आणि ब्रिटिश मज्जातज्ज्ञ किनियर विल्सन यांनी 1928 मध्ये या विकाराच्या विवेचनात स्लीप पॅरालिसिस ही संज्ञा वापरली, तीच पुढे रूढ झाली.

याच काळात आकलनाची वाट पुन्हा एकदा बाजूला वळली. फ्रॉइड यांचे अनुयायी अर्नेस्ट जोन्स यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात छातीवर बसणाऱ्या जीवाचे मूळ दडपलेल्या लैंगिक इच्छेत शोधले. लोककथा आणि चेटूक-खटले यांची त्यांनी जमवलेली सामग्री मोलाची आहे, पण अंग का हलत नाही या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. शिवाय सांगणाऱ्याच्या अनुभवापेक्षा त्यामागे लपलेला अर्थच खरा, ही भूमिका घेतल्याने अनेक रुग्णांनी हा अनुभव डॉक्टरांपासून लपवणेच पसंत केले असावे.

उत्तर मिळाले ते झोपेच्या मोजणीतून. शिकागो विद्यापीठात युजीन अॅसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी 1953 मध्ये दाखवून दिले की रात्रीच्या झोपेत ठराविक अंतराने असे टप्पे येतात, ज्यांत बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलतात आणि त्या वेळी जागे केल्यास माणूस बहुधा स्वप्न सांगतो. जलद नेत्रहालचालींच्या या झोपेला रेम निद्रा म्हणतात; प्रौढ माणसाच्या झोपेचा वीस ते पंचवीस टक्के भाग तिने व्यापलेला असतो, सुमारे नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी ती परत येते आणि पहाटेकडे तिचे टप्पे लांबत जातात. फ्रान्समधील लियाँ येथे मिशेल झुव्हे यांनी 1959 मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून या झोपेची दुसरी बाजू उघड केली: मेंदूची विद्युत्-क्रिया जागेपणासारखी चालू असताना मानेच्या स्नायूंतील ताण पूर्णपणे नाहीसा होतो. 1965 मध्ये त्यांनी मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा देठ, त्यातील एका लहान भागाला इजा केलेल्या मांजरांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ही मांजरे रेम निद्रेत उठून उभी राहत, अदृश्य भक्ष्यावर झडप घालत, आणि तरीही झोपेतच असत. स्नायूंची शिथिलता हा झोपेचा निष्क्रिय परिणाम नाही, स्वप्नातील हालचाली शरीराने प्रत्यक्षात करू नयेत म्हणून मेंदू ती सक्रियपणे लादतो, हे यातून सिद्ध झाले. मस्तिष्कस्तंभातून निघालेले संदेश मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशींना, म्हणजे स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशींना, गाबा आणि ग्लायसिन या रसायनांच्या साहाय्याने गप्प बसवतात. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल मात्र या बंदीतून वगळलेले असतात.

निद्रा-पक्षाघात म्हणजे या दोन व्यवस्थांची चुकामूक होय: जाणीव जागी झालेली असते आणि स्नायूंवरची बंदी उठलेली नसते. सेलममधील साक्षींचा एकेक तपशील या यंत्रणेत आपली जागा घेतो. श्वासपटल चालू असल्याने माणूस गुदमरत नाही, पण बरगड्यांमधील आणि मानेचे साहाय्यक स्नायू शिथिल असल्याने श्वास मुद्दाम खोल घेता येत नाही. तो घेण्याची धडपड निष्फळ ठरते आणि छातीवर कोणीतरी बसल्याची, गळा दाबल्याची जाणीव होते. डोळे हलू शकतात, म्हणून चांदण्यातली खोली दिसते. रेम निद्रेत भयाशी निगडित असलेला अमिग्डाला हा मेंदूचा भाग विशेष क्रियाशील असतो. धोका आहे ही खात्री आधी निर्माण होते आणि तो धोका कोणाचा याचे उत्तर अजून चालू असलेले स्वप्न पुरवते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे अॅलन चेन आणि त्यांचे सहकारी यांनी 1999 मध्ये हजारो लोकांच्या वर्णनांवरून या भासांचे तीन गट पाडले: खोलीत कोणी शिरल्याची जाणीव, छातीवरचा दाब आणि श्वासाची अडचण, आणि तरंगण्याची वा शरीराबाहेर पडण्याची संवेदना. जपानमधील संशोधकांनी 1992 मध्ये प्रयोगशाळेत स्वयंसेवकांची झोप योग्य क्षणी मोडून असे सहा प्रसंग प्रत्यक्ष घडवून आणले, आणि त्या वेळच्या नोंदींत जागेपणाच्या मेंदूलहरी व रेम निद्रेतील स्नायूशैथिल्य एकत्र दिसले.

प्रयोगशाळेइतकेच मोलाचे काम लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी केले. डेव्हिड हफर्ड यांनी 1970 च्या सुमारास कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील ओल्ड हॅग, म्हणजे रात्री छातीवर बसणारी म्हातारी, या समजुतीचा शोध घेतला. तेथे तिच्यापासून बचाव म्हणून खिळे ठोकलेली फळी छातीवर बांधून झोपत असत. त्यांनी पाहणी केलेल्या विद्यार्थ्यांपैकी 23 टक्के जणांनी असा अनुभव सांगितला, आणि 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा गाभा हा की, ही परंपरा कधीही न ऐकलेली माणसेही तेच तपशील सांगतात. म्हणजे समजुतीतून अनुभव जन्मत नाही, अनुभवातून समजूत जन्मते. या विषयावरील इतके निर्णायक विधान क्वचितच कोणी केले असेल, कारण त्याने अडाणीपणाचा आरोप सांगणाऱ्यांच्या माथ्यावरून दूर केला. जपानमध्ये याच अनुभवाला कनाशिबारी म्हणतात, आणि काझुहिको फुकुदा यांच्या 1987 मधील पाहणीत सुमारे चाळीस टक्के विद्यार्थ्यांना तो आलेला होता. हाँगकाँगमध्ये भुताने दाबणे या नावाने तो ओळखला जातो. तेथील 1994 मधील पाहणीतही प्रमाण 37 टक्के आढळले.

समजुतीतून अनुभव जन्मत नसला, तरी समजूत त्याला अधिक कठोर करू शकते. इजिप्त आणि डेन्मार्क येथील लोकांची तुलना करणाऱ्या बालंद जलाल आणि डेव्हन हिंटन यांच्या 2013 मधील अभ्यासात जिन छातीवर बसतो असे मानणाऱ्या इजिप्शियन लोकांमध्ये मृत्यूची भीती अधिक आणि निश्चलतेचा काळ अधिक लांब असल्याचे दिसले. याच संदर्भात लाओसमधून अमेरिकेत आलेल्या ह्माँग निर्वासितांची हकिकत येते. 1977 पासून पुढील दशकभरात आग्नेय आशियातील शंभराहून अधिक निर्वासित, बहुतेक तरुण आणि निरोगी पुरुष, झोपेत अकस्मात मरण पावले, आणि 1981 मध्ये ही संख्या सर्वाधिक होती. 1992 मध्ये ब्रुगाडा बंधूंनी वर्णन केलेल्या, हृदयाच्या विद्युत्-क्रियेतील आनुवंशिक दोषाशी या मृत्यूंचा संबंध पुढे जोडला गेला. शेली अॅडलर यांनी 2011 मधील ग्रंथात असे मांडले की, छातीवर बसणाऱ्या आत्म्यापासून रक्षण करणारे विधी आणि ते करणारे जाणते मायदेशात राहिल्याने निर्वासितांच्या मनात जे भय साचले, त्याने या सदोष हृदयांवर शेवटचा ताण आणला असावा. हे मत अनुमानाच्या पातळीवरचे आहे. निद्रा-पक्षाघात स्वतः प्राणघातक नाही, याविषयी मात्र वैद्यकात दुमत नाही.

महाराष्ट्रात या अनुभवाचे श्रेय हडळ, मुंजा, समंध यांना देण्याची रीत जुनी आहे, आणि अंगारा लावणे, दृष्ट काढणे, उशाशी लोखंड ठेवणे हे उपाय निरुपद्रवी असून अनेकांना धीर देतात. प्रश्न गंभीर होतो तो बाहेरची बाधा कोणी केली, करणी कोणाची, हे विचारले जाऊ लागल्यावर. कारण तेव्हा मांत्रिकाने घेतलेले नाव बहुधा गावातल्याच एखाद्या एकट्या बाईचे असते. 2013 साली महाराष्ट्रात लागू झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, तसेच एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे अवघड करणे, हे गुन्हे म्हणून नोंदवलेले आहेत. अंधश्रद्धाविरोधी चळवळीतील कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे लढा दिला, त्याचा वटहुकूम 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तो कायदा मंजूर केला.

आजच्या वर्गीकरणात नार्कोलेप्सी नसताना वारंवार येणाऱ्या या अवस्थेला रेम निद्रेशी संबंधित निद्राविकारांत स्थान आहे. अपुरी वा अनियमित झोप, पाळ्यांची नोकरी, मानसिक आघात आणि उताणे झोपणे यांमुळे ती संभवते. म्हणून झोपेच्या ठराविक वेळा पाळणे, कुशीवर झोपणे आणि प्रसंग आल्यास सगळे अंग हलवण्याची धडपड न करता बोटाच्या टोकावर वा डोळ्यांच्या हालचालीवर लक्ष एकवटणे, एवढ्याने बहुतेकांचे भागते. झटके फार वारंवार आल्यास झोपेच्या या टप्प्याचे प्रमाण कमी करणारी काही नैराश्यविरोधी औषधे दिली जातात. दिवसा अनावर झोप येणे किंवा हसताना अचानक गुडघे लुळे पडणे ही लक्षणे जोडीला असतील, तर नार्कोलेप्सीची शंका घेऊन रात्रभराची निद्राचाचणी आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने घ्यायच्या डुलक्यांची चाचणी केली जाते.